वजन घटविणारी शस्त्रक्रिया : निर्णय घेण्यापूर्वी काय तपासावे?

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाहणीत, राजधानी दिल्लीतील ४१.३ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठपणा या गटात मोडत असल्याचे आढळून आले. संपूर्ण देशासाठी हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही २३ फेब्रुवारी २०२५ रोजी आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘मन की बात’ कार्यक्रमात वाढत्या लठ्ठपणाबद्दल चिंता व्यक्त केली आणि खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. लठ्ठपणाकडे आता केवळ वैयक्तिक सवयींचा परिणाम म्हणून पाहता येणार नाही, हे या साऱ्यांवरून स्पष्ट होते.

वजन घटविण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया, हा या आजारावरील एक उपचार आहे. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या, अर्थात एम्ससारख्या, सरकारी संस्थेत तसेच दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि फरीदाबाद येथील अनेक खासगी रुग्णालयांत ती केली जाते. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींमुळेही ती सर्वसामान्यांना परिचित झाली. नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत, तर तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ही शस्त्रक्रिया झाली होती. जेटली यांना अनेक वर्षांपासून मधुमेह होता आणि त्यामुळे वाढलेले वजन कमी करणे हा त्या शस्त्रक्रियेचा हेतू असल्याचे त्यावेळी सांगण्यात आले होते.

मात्र एका रुग्णाला लागू पडलेला उपचार दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. वजनकाट्यावरील आकडा पाहून किंवा जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहून हा निर्णय घेता येत नाही. वजनामुळे कोणता आजार जडला आहे, इतर उपाय पुरेसे करून झाले आहेत काय, शरीर व मन शस्त्रक्रियेसाठी सक्षम आहे काय आणि त्यानंतरची पथ्ये व तपासण्या आयुष्यभर पाळणे शक्य आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ही शस्त्रक्रिया आपल्यासाठी योग्य आहे किंवा नाही, हे ठरविता येते.

शस्त्रक्रियेत नेमके काय केले जाते?

या शस्त्रक्रियेत शरीरातील चरबी काढून टाकली जात नाही. चरबी शोषून घेण्याची लायपोसक्शन ही पद्धत वेगळी असून ती लठ्ठपणावरील उपचार मानली जात नाही. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेत जठर किंवा जठर आणि लहान आतडे यांच्या रचनेत बदल केला जातो. आता ही शस्त्रक्रिया बहुतांशी दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छेद घेऊन होते. त्यामुळे गुंतागुंत न झाल्यास साधारणतः दोन-तीन दिवसांत रुग्णाला घरी पाठविले जाते.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकून उरलेल्या भागाला अरुंद नळीचा आकार दिला जातो. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जाते. एकच जोड असलेला बायपास हा याच पद्धतीचा एक प्रकार असून भारतात तोही बऱ्याच प्रमाणात केला जातो.

जठर लहान झाल्यामुळे माणूस कमी खातो, एवढेच या शस्त्रक्रियेचे कार्य नाही. भूक आणि तृप्ती यांचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या आतड्यातील संप्रेरकांमध्येही बदल होतो. त्यामुळे भूक मंदावते, लवकर पोट भरल्यासारखे वाटते आणि अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच सुधारू लागते. याच कारणास्तव अलीकडे या शस्त्रक्रियेला चयापचय शस्त्रक्रिया असेही संबोधले जाते.

निर्देशांकाची मोजपट्टी

उपचाराची निवड करताना सर्वप्रथम शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, पाहिला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ९० किलो असल्यास तिचा बीएमआय सुमारे ३३ येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९१ मध्ये बोलाविलेल्या तज्ज्ञ परिषदेने बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ हून अधिक असून लठ्ठपणाशी निगडित गंभीर आजार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, अशी शिफारस केली होती. पुढे सुमारे तीन दशके जगभर हाच निकष प्रमाण मानला गेला.

भारतीयांच्या बाबतीत मात्र हा निकष अपुरा ठरतो. तेवढ्याच बीएमआयच्या युरोपीय व्यक्तीच्या तुलनेत भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते आणि ती विशेषतः पोटाभोवती साठते. परिणामी मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. ही बाब लक्षात घेऊन दिल्लीतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. अनूप मिश्रा यांच्या पुढाकाराने देशातील तज्ज्ञांनी तयार केलेले एकमत-निवेदन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांमध्ये २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेच्या घेराची मर्यादा निश्चित करण्यात आली. शस्त्रक्रियेसाठी सहव्याधी असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ ही बीएमआयची पातळी सुचविण्यात आली.

आंतरराष्ट्रीय निकषही २०२२ मध्ये बदलले. अमेरिकेतील चयापचय व बॅरिएट्रिक शल्यविशारदांची संघटना आणि याच विषयातील आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी संयुक्तपणे नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बीएमआय ३५ वा अधिक असल्यास अन्य आजार असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस करावी, ३० ते ३४.९ या दरम्यान चयापचयाचा आजार असल्यास तिचा विचार करावा आणि आशियाई व्यक्तींच्या बाबतीत २७.५ पासूनच हा पर्याय विचारात घ्यावा, असे त्यात नमूद आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. एखादा आकडा ओलांडला म्हणजे शस्त्रक्रिया अनिवार्य झाली असे नाही. त्या टप्प्यापासून हा पर्याय चर्चेत घेण्याजोगा ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. स्नायू भरदार असलेल्या व्यक्तीचा बीएमआय वाढलेला दिसू शकतो, तर वृद्धांमध्ये स्नायू झिजल्यामुळे तो फसवा ठरू शकतो.

आजार कोणता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा

वजनाच्या आकड्यापेक्षा त्या वजनाने शरीरावर काय परिणाम केला आहे, याकडे लक्ष देण्याकडे आता वैद्यकशास्त्राचा कल आहे. जानेवारी २०२५ मध्ये एम्स आणि दिल्लीतील फोर्टिस सी-डॉक यांच्यासह विविध संस्थांतील तज्ज्ञांनी भारतीयांसाठी लठ्ठपणाची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यात लठ्ठपणाचे दोन टप्पे मानले आहेत. पहिल्या टप्प्यात वजन वाढलेले असले तरी अवयवांच्या कार्यावर वा दैनंदिन हालचालींवर परिणाम झालेला नसतो. दुसऱ्या टप्प्यात पोटाचा घेर वाढलेला असतो आणि त्याच्या जोडीला गुडघेदुखी, धाप लागणे यांसारखे त्रास किंवा मधुमेहासारखे आजार दिसू लागतात.

शस्त्रक्रियेचा लाभ प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांना होतो. टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, यकृतात चरबी साचणे, सांध्यांची झीज आणि स्त्रियांमधील पीसीओएस हे असे आजार आहेत. घोरणे ही थट्टेची बाब समजली जाते. परंतु झोपेत वारंवार श्वास अडकत असेल तर हृदयावर ताण येतो आणि भूल देतानाही धोका वाढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी अनेकदा झोपेची तपासणी करण्यात येते.

मधुमेहाच्या बाबतीत वेळेला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दर्शविणारी एचबीएवनसी पातळी ६ टक्क्यांपर्यंत आणण्यात बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि केवळ औषधोपचार घेणाऱ्यांपैकी ५ टक्के रुग्णांना यश आले होते. शस्त्रक्रियेचा लाभ यातून स्पष्ट होतो. त्याचबरोबर शस्त्रक्रियेनंतरही ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांना ही पातळी गाठता आली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मधुमेह जडून फार वर्षे झाली नसतील आणि स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता शिल्लक असेल, तर यशाची शक्यता वाढते. ही क्षमता सी-पेप्टाइड या रक्तचाचणीतून समजते. अनेक वर्षे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने ‘मधुमेह कायमचा जाईल’ या आश्वासनावर विसंबून निर्णय घेऊ नये.

दीर्घकालीन परिणामांविषयी सर्वाधिक विश्वासार्ह माहिती स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून मिळते. बायपास झालेल्या रुग्णांचे वजन १५ वर्षांनंतरही मूळ वजनाच्या सरासरी २७ टक्क्यांनी कमी राहिले होते. याच अभ्यासाच्या २०२० मधील निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ रुग्णांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी अधिक आढळले. तरीही ते सर्वसामान्य लोकसंख्येच्या आयुर्मानाइतके झाले नव्हते.

येथे एक हिशेब उपयोगी ठरेल. ११० किलो वजनाच्या व्यक्तीचे वजन २७ टक्क्यांनी घटले तर ते सुमारे ८० किलो होईल. आजार आटोक्यात येण्यासाठी ही घट मोठी आहे. परंतु सडपातळ होण्याची अपेक्षा बाळगणाऱ्याची निराशा होऊ शकते. सर्वाधिक घट पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत होते आणि त्यानंतर काही वजन पुन्हा वाढणे स्वाभाविक मानले जाते.

आधीचे प्रयत्न आणि नवी औषधे

आहार, व्यायाम आणि आवश्यक तेथे औषधे यांचा देखरेखीखाली केलेला प्रयत्न अपुरा पडल्यानंतरच सहसा शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. आठवडाभराचा उपवास, कोणा परिचिताने सांगितलेली चूर्णे किंवा महिनाभराचे जिमचे सदस्यत्व यांची गणना अशा प्रयत्नांत होत नाही. आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्या सल्ल्याने काही महिने सातत्याने केलेले उपाय आणि त्यांची नोंद अपेक्षित असते. थायरॉइडची कमतरता, कुशिंग विकार किंवा स्टेरॉइडसारख्या औषधांमुळे वजन वाढले आहे काय, याचीही आधी खातरजमा करावी लागते. कारण तेथे मूळ कारणावर उपचार करणे अधिक योग्य ठरते.

गेल्या काही वर्षांत या विचारात एका नव्या पर्यायाची भर पडली आहे. टिर्झेपटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये, तर वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. वैद्यकीय चाचण्यांत सेमाग्लुटाइडमुळे ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वाधिक मात्रेमुळे ७२ आठवड्यांत सरासरी सुमारे २१ टक्के वजन घटल्याचे आढळले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास संभवतात आणि औषध थांबविल्यावर घटलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असेही चाचण्यांतून दिसून आले आहे.

म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या रुग्णाने, आपल्या बाबतीत औषधांचा पर्याय का पुरेसा नाही, असा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. बीएमआय फार जास्त असेल, सहव्याधी गंभीर असतील किंवा औषधे सोसत नसतील, तर उत्तर शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकते. वजन मध्यम प्रमाणात वाढलेले असून आजार सौम्य असेल, तर आधी औषधे घेऊन पाहणे सयुक्तिक ठरू शकते. काही रुग्णांना पुढे दोन्ही उपचारांची गरज पडते.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी योग्य नाही?

हृदय किंवा फुप्फुसाच्या गंभीर आजारामुळे भूल देणे धोक्याचे असल्यास, कर्करोगाचे उपचार सुरू असल्यास, मद्य वा अन्य व्यसन सुरू असल्यास अथवा तीव्र मानसिक आजारावर उपचार झालेले नसल्यास शस्त्रक्रिया टाळली किंवा पुढे ढकलली जाते. तंबाखू व धूम्रपान यांमुळे जखम भरून येण्यास अडथळा होतो आणि बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ही सवय काही आठवडे आधी पूर्णपणे सोडणे आवश्यक असते.

नजीकच्या काळात अपत्याची योजना असलेल्या स्त्रियांनी ही बाब डॉक्टरांना आधीच सांगावी. वजन वेगाने उतरत असताना गर्भाचे पोषण अपुरे पडण्याची भीती असल्याने शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. याच्या उलट अनुभवही लक्षात ठेवावा. वजन घटल्यावर, विशेषतः पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये, गर्भधारणेची क्षमता अनपेक्षितपणे लवकर सुधारते. म्हणून या काळात गर्भनिरोधाविषयी स्पष्ट सल्ला घेणे हितावह ठरते.

लग्न ठरविण्यासाठी वजन कमी व्हावे, अशा कौटुंबिक दबावातूनही काही तरुण-तरुणी या उपचाराकडे वळतात. अशा वेळी निर्णय रुग्णाचा स्वतःचा आहे काय, हे पाहणे डॉक्टरांइतकेच कुटुंबीयांचेही कर्तव्य आहे. जो निर्णय आयुष्यभर निभवायचा, तो दुसऱ्याच्या आग्रहाखातर घेतला जाऊ नये.

धोके आणि आयुष्यभराची बंधने

अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या सहभागाने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते. प्रमाण अल्प असले तरी धोका शून्य नाही. टाके घातलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायांतील शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे सुरुवातीचे गंभीर धोके आहेत. ताप, नाडीचा वाढलेला वेग, असह्य पोटदुखी, धाप लागणे किंवा पाणीही न टिकणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. गुरुग्राममध्ये शस्त्रक्रिया आणि ग्रेटर नोएडामध्ये घर, अशी स्थिती असल्यास मध्यरात्री कोणत्या क्रमांकावर संपर्क साधायचा आणि कोठे जायचे, हे आधीच निश्चित करून ठेवावे.

पुढील काळात पित्ताशयात खडे होणे, हर्निया, आतड्यात अडथळा हे त्रास उद्भवू शकतात. बायपासनंतर गोड किंवा तेलकट खाल्ल्यास धडधड, घाम, जुलाब असा त्रास होतो. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढण्याची शक्यता असते. फिनलंडमधील एका अभ्यासात दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के, तर बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळला. आम्लपित्ताचा जुना त्रास असलेल्या व्यक्तीसाठी पद्धतीची निवड करताना ही बाब निर्णायक ठरू शकते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे द्रव, मग पातळ आणि मऊ अन्न घेऊन टप्प्याटप्प्याने नेहमीच्या आहाराकडे यावे लागते. त्यानंतरही लहान घास, सावकाश चर्वण आणि जेवताना पाणी न पिणे हे नियम कायम राहतात. ताटातील क्रमही बदलतो. पोळी-भाताआधी डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे खावे लागतात, कारण दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळणे आवश्यक असते आणि पोटात जागा थोडी असते. शाकाहारी कुटुंबांत याचे नियोजन विशेष काळजीपूर्वक करावे लागते.

लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. भारतीय शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२ ची कमतरता मुळातच अधिक आढळते. ती दुर्लक्षित राहिल्यास मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. सतत उलट्या होऊन बी-१ जीवनसत्त्व घटल्यास मेंदूवरही परिणाम होतो. बायपास झालेल्या रुग्णांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मद्य अधिक वेगाने रक्तात भिनते आणि मद्यपानाची समस्या काही रुग्णांत नव्याने निर्माण झाल्याचेही अभ्यासांत आढळले आहे. अन्न हाच ज्यांचा मानसिक आधार होता, त्यांना तो गमावल्यावर नैराश्य येऊ शकते. अशा प्रसंगी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी अथवा १४४१६ या टेली-मानस दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो.

केंद्र सरकारच्या सेवेत बदलीवर दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढील पाच-दहा वर्षांत बदली होऊन अन्यत्र किंवा निवृत्तीनंतर गावी जाण्याचा विचार असेल, तर वार्षिक रक्ततपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला तेथे कोठे मिळेल, याची चौकशी आधीच करावी. शस्त्रक्रियेचा संपूर्ण तपशील, तिचा प्रकार आणि तपासण्यांचे अहवाल लेखी स्वरूपात जवळ बाळगावेत.

विम्याचे निकष आणि खर्चाचा प्रश्न

खासगी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. सरकारी संस्थांत तो बराच कमी असला, तरी प्रतीक्षा करावी लागते. आरोग्य विम्यासंबंधी भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने कोणत्या अटींवर वगळू नये, हे त्यांत सांगितले आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय नियमावलीला धरून झालेली असावी आणि रुग्णाचे वय १८ वर्षे वा अधिक असावे. त्याचा बीएमआय ४० किंवा अधिक असावा. अथवा तो ३५ किंवा अधिक असून, वजन घटविण्याचे सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असावेत आणि लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह यांपैकी एखादा आजार असावा.

वैद्यकीय निकष आणि विम्याचे निकष यांतील अंतर येथे दिसून येते. १६५ सेंटिमीटर उंचीची मधुमेही व्यक्ती भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या निकषानुसार सुमारे ८९ किलो वजनापासून शस्त्रक्रियेसाठी विचारात घेतली जाऊ शकते. विम्याची किमान अट पूर्ण होण्यासाठी मात्र तिचे वजन सुमारे ९५ किलो असावे लागते. अन्य आजार नसल्यास हेच आकडे अनुक्रमे सुमारे १०२ आणि १०९ किलो असे आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने योग्य असलेल्या काही रुग्णांना संपूर्ण खर्च स्वतः करावा लागू शकतो. विम्यासाठी वजन वाढू देणे किंवा कागदोपत्री फेरफार करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यातून आजार बळावतो आणि दावाही फेटाळला जाऊ शकतो.

म्हणून पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ, खर्चाची कमाल मर्यादा आणि आधीपासूनच्या आजारांविषयीची कलमे वाचून रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्यावी. केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थींनीही आपल्या आरोग्य केंद्रात पूर्वपरवानगी आणि मंजूर दरांची चौकशी करावी. वेगाने वजन उतरल्यानंतर लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया सहसा सौंदर्योपचार मानली जाते आणि तिचा खर्च विम्यातून मिळत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित चाचण्या यांसाठी दरवर्षी होणारा खर्चही हिशेबात धरावा.

रुग्णालयाची निवड करताना

ही शस्त्रक्रिया एकट्या शल्यविशारदाचे काम नाही. मधुमेह व संप्रेरकतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांचा गट जेथे एकत्रितपणे निर्णय घेतो, ते केंद्र निवडावे. शल्यविशारदाने आतापर्यंत अशा किती शस्त्रक्रिया केल्या, गुंतागुंतीचे प्रमाण किती, अतिदक्षता विभागाची सोय आहे काय, ठराविक पद्धतीचीच शिफारस कशासाठी आणि पाच वर्षांनंतरही किती रुग्ण तपासणीसाठी येतात, हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. पहिल्याच भेटीत तारीख निश्चित करण्याचा आग्रह, सवलतीची मुदत संपत असल्याचे सांगणे किंवा धोक्यांविषयी मौन या गोष्टी आढळल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

दुसरे मत घेण्यासाठी सहसा पुरेसा अवधी असतो. ही शस्त्रक्रिया क्वचितच तातडीची असते. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, हृदयाची व रक्ताची तपासणी यांत काही आठवडे जातात. शस्त्रक्रियेपूर्वीचे साधारण दोन आठवडे अल्पउष्मांकाचा आहार दिला जातो, त्यामुळे यकृताचा आकार कमी होऊन शस्त्रक्रिया सुलभ होते. रुग्णाला पुढील पथ्ये पाळणे कितपत जमेल, याची कल्पनाही या दोन आठवड्यांत येते.

वजनामुळे गंभीर आजार जडलेला आहे, इतर उपाय प्रामाणिकपणे करूनही उपयोग झालेला नाही, तपासण्यांत मोठा धोका आढळलेला नाही आणि पुढील बंधनांची पूर्ण कल्पना देऊनही रुग्णाची तयारी आहे, अशा परिस्थितीत शस्त्रक्रिया हा योग्य आणि प्रभावी पर्याय ठरतो. अशा रुग्णाने केवळ भीतीपोटी वर्षानुवर्षे निर्णय टाळल्यास मधुमेह जुना होत जातो आणि शस्त्रक्रियेपासून मिळू शकणारा लाभही कमी होतो. या चारपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नसेल, तर ते मिळेपर्यंत थांबणे हिताचे आहे. त्या काळात आहार, चालणे, झोप आणि औषधे यांकडे दिलेले लक्ष वाया जात नाही, कारण पुढे शस्त्रक्रिया झाली तरी तिचे यश याच सवयींवर अवलंबून असते.